सेवा करताना अहंकार येतो, मग सेवा थांबवायची का?

प्रश्न असा आहे. एक तरुण दोन वर्षे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, भेटींच्या कामात आहे. आजारी, एकटी, घरात अडकून पडलेली माणसे, त्यांच्याकडे तो दर आठवड्याला जातो. कुणी कौतुक केले की आपल्याला गोड वाटते आणि नाही केले की राग येतो, हे त्याच्या लक्षात आले आहे, आणि त्याची त्याला लाज वाटते. तो विचारतो, मन नम्र होईपर्यंत सेवा बंद ठेवू का? शिवाय त्याला कुणालाच 'नाही' म्हणता येत नाही. म्हटले तर आपण गर्विष्ठ ठरू अशी भीती वाटते. आणि तिसरी गोष्ट : ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आहे, येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून. ज्यांचे पाय धुतले जातात त्यांच्यात बसायला त्याला सांगितले, तर 'माझी ती लायकी नाही, मला धुणाऱ्यांत ठेवा' म्हणून त्याने नकार दिला. ते बरोबर केले का, असे तो विचारतो.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण ते शेवटीच देतो. आधीच्या दोन गोष्टी कळल्याशिवाय ते पटणार नाही.

सेवा थांबवू नका.

मी तीस वर्षे पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, होतो. आता निवृत्त आहे, भेटी मात्र चालू आहेत. एवढ्या वर्षांत अगदी स्वच्छ मनाने सेवा करणारा माणूस मला भेटलेला नाही, आणि आरशात तर नाहीच नाही. 'मन शुद्ध झाले की येतो' म्हणून रजेवर गेलेले काही जण मात्र पाहिले, त्यांतले परत आले ते थोडे. मन शुद्ध होण्याची वाट बघत बसलेला माणूस दिवसभर स्वतःकडेच तर बघत असतो. इकडे अंथरुणावर पडलेल्या आजींना त्याच्या मनाच्या अवस्थेशी काही देणेघेणे नसते. औषधाच्या पाकिटावरचे बारीक अक्षर त्यांना कुणीतरी वाचून दाखवायला हवे असते.

येशूच्या शिष्यांचेच बघा. शेवटच्या भोजनाच्या वेळी, त्याच मेजाशी, आपल्यात मोठा कोण यावरून त्यांचा वाद झाला, असे लूक सांगतो. तीन वर्षांच्या सहवासानंतर ही गत! म्हणून प्रभू येशूने त्यांना 'आधी नम्र व्हा, मग या' असे सांगून परत पाठवले नाही. त्याने सेवेचे काम त्यांच्याच हाती दिले.

आता कौतुकाबद्दल. कौतुक झाल्यावर बरे वाटणे हे पाप आहे असे मला वाटत नाही. लहान मुलालाही वाटते. घोटाळा सुरू होतो तो आपण त्या बरे वाटण्यावर पांघरूण घालायला लागलो की. आपल्या मंडळ्यांमध्ये यासाठी एक तयार वाक्य आहे, 'सगळा महिमा देवाला'. मीही ते शेकडो वेळा म्हटले आहे. पण ते म्हणताना समोरच्याने आणखी एकदा कौतुक करावे म्हणून मी किंचित थांबतही असे, हे माझ्या पत्नीने लक्षात आणून दिले. त्यानंतर मी नुसते 'थँक्यू' म्हणू लागलो. आश्चर्य म्हणजे त्याने विषय लवकर संपतो.

प्रेषित पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात या गोष्टीवर नेमके बोट ठेवले आहे. फिलिप्पैकरांस पत्रात 'लीनतेने एकमेकांना आपणापेक्षा श्रेष्ठ माना' असे सांगताना जो ग्रीक शब्द तो वापरतो, तोच इथे दोनदा येतो, पण वाईट अर्थाने : काही लोकांनी आपणहून ओढून घेतलेली, दिसायला धार्मिक पण आतून देहबुद्धी पोसणारी लीनता. एकच शब्द एकदा सद्गुणासाठी आणि एकदा सोंगासाठी. त्या काळच्या ग्रीक जगात 'लीन' म्हणजे खालच्या पायरीचा, लाचार माणूस. सद्गुणांच्या यादीत तो शब्द नव्हताच. मंडळीने तो उचलला, मानाचा केला, आणि मान मिळताच त्याची नक्कलही निघाली. पहिल्याच शतकात!

खरे-खोटे ओळखायची माझी एकच कसोटी आहे, आणि ती मला फार महागात पडून कळली. प्रवचनात मी नेहमी म्हणायचो, 'मी कोण? मी काहीच नाही.' लोकांना ते आवडायचे. एकदा कार्यकारी मंडळाच्या बैठकीत एका सभासदाने शांतपणे सांगितले की दुःखी घरी गेल्यावर पाळक फार बोलतात, त्यांना ऐकता येत नाही. म्हणजे मी जे स्वतःबद्दल दर रविवारी सांगत होतो, त्यातलाच एक छोटासा, मोजूनमापून काढलेला तुकडा त्याने मला परत दिला. मला तीन रात्री झोप आली नाही. त्या माणसाच्या जुन्या चुका आठवत मी छताकडे बघत पडलो होतो. 'मी काहीच नाही' हे माझे वाक्य म्हणजे स्वतःची निंदा स्वतःच करून दुसऱ्याला ती संधीच न देण्याची युक्ती होती, हे तेव्हा कळले. तुम्हीही हे करून बघा : स्वतःबद्दल जे कमीपणाचे बोलता, तेच दुसऱ्याने म्हटले तर पोटात काय होते ते पाहा.

मग नम्रता आणायची कशी? थेट आणता येत नाही. झोपेसारखी आहे ती, बोलावली की पळते. पण एक दार आहे, आणि ते मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. या अध्यायात प्रभू जवळजवळ एकच प्रश्न दोनदा विचारतो. आधी याकोब आणि योहान हे शिष्य येतात. 'मी तुमच्यासाठी काय करावे अशी तुमची इच्छा आहे?' ते वैभवात उजव्या-डाव्या हाताची आसने मागतात. पुढे यरीहोच्या वाटेवर आंधळा बार्तीमय ओरडत असतो, लोक त्याला गप्प बसवत असतात. 'मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे?' तो दृष्टी मागतो.

आंधळ्याला हा प्रश्न? त्याला काय हवे ते तिथल्या पोरालाही कळले असते. तरीही प्रभू थांबतो, त्याला बोलावतो आणि विचारतो. मला तर पाय धुण्याइतकाच हा प्रश्न मोठा वाटतो. ज्याच्या हाती सगळे सामर्थ्य आहे तो भिकाऱ्याच्या उत्तराची वाट बघत उभा आहे. ज्याला लोक गप्प बसवत होते, त्याला त्याने बोलायला लावले.

आपण काय करतो? आपण आधीच ठरवून जातो. मी एका आजोबांकडे जवळजवळ वर्षभर जात होतो. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली, बोलणे तुटक. मी जायचो, शास्त्रभाग वाचायचो, प्रार्थना करायचो, हात हातात घ्यायचो आणि समाधानाने घरी यायचो. एके दिवशी प्रार्थनेच्या मधेच ते काहीतरी पुटपुटू लागले. मला वाटले, आत्म्याने भारावले. मी आवाज चढवला. शेवटी त्यांच्या सुनेने येऊन सांगितले की ते 'खिडकी' म्हणताहेत. पलंग असा लावला होता की त्यांच्या नजरेला फक्त भिंत येत होती. पलंग फिरवायला दोन माणसे आणि पाच मिनिटे लागली. वर्षभर मी त्या भिंतीसमोर बसून त्यांना देवाच्या सृष्टीबद्दल वाचून दाखवत होतो.

त्या दिवसापासून माझा नियम आहे. घरात गेल्यावर पहिले वाक्य विचारण्याचे असते, 'आज काय करू?' उत्तर कधी कधी अपमानास्पद वाटते. 'काही नको, नुसते बसा.' 'आज जा, मला झोपायचे आहे.' 'त्या मुलीला पाठवा, ती बरी आहे तुमच्यापेक्षा.' हे ऐकून घेऊन त्याप्रमाणे वागणे, इतकेच माझ्या अनुभवात नम्रतेच्या सर्वात जवळ येते. त्या क्षणी आपण स्वतःच्या मनाची तपासणी करत नसतो, खुर्ची कुठे ठेवायची ते बघत असतो. तुम्हाला येणारा राग 'मी एवढे केले आणि...' असा सुरू होत असेल, तर बघा, ते 'एवढे' त्यांनी मागितले होते का?

मंडळीला एक संस्था म्हणूनही हे लागू आहे, आणि याबद्दल आपण फार कमी बोलतो. लूकनेच लिहिलेल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय. यरुशलेमेतल्या पहिल्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटले जात होते. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांनी कुरकूर केली की आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होते. वाटप करणारे भले लोक होते, प्रेषितांच्या देखरेखीखाली होते, आत्म्याने भरलेले होते. तरी एका भाषेच्या बायका वाटपातून सुटत होत्या. बारा प्रेषितांनी काय केले? 'आम्ही एवढे करतो आणि तुम्ही कुरकुरता' असे म्हटले नाही. कुरकूर करणारे अध्यात्मात कमी पडतात असेही म्हटले नाही. मंडळीला सांगितले, तुम्हीच सात माणसे निवडा. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकनोर, तीमोन, पार्मिना, नीकलाव : सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे बहुधा ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच माणसांच्या हाती सगळे वाटप दिले. या उताऱ्यात मूळ ग्रीकमध्ये भोजनाच्या पंक्तीची सेवा आणि वचनाची सेवा यांसाठी एकच शब्द आहे, हेही लक्षात ठेवा. वचनाच्या सेवेला वेगळा, वरचढ शब्द लूकने शोधला नाही.

माझ्या काळात मंडळीच्या मदतनिधीबद्दल अशीच तक्रार आली होती. काही घरांना नेहमी मिळते, काहींना विचारलेही जात नाही. मी त्या बैठकीत समितीची बाजू इतकी छान मांडली की तक्रार करणाऱ्या बाई रडत निघून गेल्या. पुढे यादी तपासली, त्यांचे म्हणणे खरे निघाले. कुणी मुद्दाम केले नव्हते. समितीतल्या लोकांना जी घरे माहीत होती तीच यादीत होती. मी माफी मागायला गेलो. त्यांनी दार उघडले, ऐकून घेतले, आणि बसा म्हणाल्या नाहीत. तो त्यांचा अधिकार होता.

एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियमावली लिहिली. तिच्या सातव्या अध्यायात नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, आणि प्रवचनात सगळे तोच अध्याय सांगतात. मला पस्तिसावा जास्त आवडतो. तो स्वयंपाकघराचा आहे. प्रत्येकाने आळीपाळीने आठवडाभर इतरांसाठी काम करायचे. आजारपण किंवा तितकेच महत्त्वाचे दुसरे काम असेल तरच सूट. शनिवारी पाळी संपताना बंधूंनी हातपाय पुसलेले टॉवेल धुवायचे, संपणाऱ्या आणि सुरू होणाऱ्या पाळीच्या माणसांनी मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे, आणि भांडी स्वच्छ, न फुटलेली परत मोजून द्यायची. मन कसे ठेवावे याबद्दल तिथे फारसे नाही. टॉवेल आणि भांडी आहेत. आणि पाळी असते, म्हणजे पुढच्या आठवड्यात दुसरा कुणीतरी तेच काम करणार आणि कदाचित तुमच्यापेक्षा चांगले करणार. तुमच्या भेटींची यादी महिनाभर दुसऱ्याला देऊन बघा. 'माझ्याशिवाय त्यांचे कसे होईल' असे वाटून पोटात गोळा आला, तर तो गोळा काय सांगतो तेही ऐका.

आता 'नाही' म्हणण्याबद्दल.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण अर्धाच वाचतो. यरुशलेमेहून यरीहोला उतरणारी वाट, सुमारे २७ किलोमीटरांत जवळजवळ हजार मीटरचा उतार, ओसाड डोंगर, लुटारूंना सोयीचा. तिथे लुटून अर्धमेला टाकलेला एक माणूस पडला होता. शोमरोनी थांबला, तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, स्वतःच्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, रात्रभर सांभाळले. इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. पण दुसऱ्या दिवशी तो निघून गेला! दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, उतारशाळेच्या मालकाला दिली, जास्त लागले तर परतताना देईन असे सांगितले, आणि आपल्या कामाला गेला. त्याने त्या जखमी माणसाला जन्मभर खांद्यावर घेतले नाही. त्याला धंदा असेल, घर असेल. उरलेले काम त्याने अशा माणसावर सोपवले ज्याचे ते रोजचे काम होते. शेजारधर्मात उतारशाळेच्या त्या मालकाचाही वाटा आहे, त्याच्यावर कुणी प्रवचन करत नाही इतकेच.

आणि मार्कचा पहिलाच अध्याय. कफर्णहूमात लोक दारात जमले आहेत, पहाटे प्रभू एकांतात प्रार्थनेला गेला आहे, शिष्य पेत्र शोधत येऊन म्हणतो, सगळे तुझा शोध करताहेत. प्रभू म्हणतो, चला, दुसरीकडे, जवळच्या गावांत जाऊ. मागे काही आजारी नक्कीच राहिले असतील. आपण प्रत्येकाला पुरे पडलोच पाहिजे असे ज्याला वाटते, तो नकळत प्रभूपेक्षाही मोठी जागा मागत असतो. मी हे थोडे कठोर बोललो, पण तुमच्या वयात मला हे कुणी सांगितले असते तर माझ्या घरच्यांना बरे दिवस दिसले असते.

पौल गलतीकरांना एकाच परिच्छेदात सांगतो की एकमेकांची ओझी वाहा, आणि तीन वचने पुढे, प्रत्येकाने आपापला भार वाहावा. लोक याला विसंगती म्हणतात. मूळ भाषेत शब्द दोन आहेत : पहिला चिरडून टाकणाऱ्या ओझ्यासाठी, दुसरा ज्याने त्याने उचलायच्या नेहमीच्या भारासाठी. समोरचा जे मागतो ते यांपैकी कोणते, एवढे बघा. त्याचा रोजचा भार तुम्ही उचललात तर काही दिवस तुम्हाला देवदूत झाल्यासारखे वाटेल आणि तो अधिक अपंग होईल.

आणि कुणी तुमचा अपमान करत असेल, तुम्हाला राबवून घेत असेल, धमकावत असेल, तर ते सोसणे म्हणजे नम्रता असे कुणीही सांगितले तरी ऐकू नका, मग तो पाळक का असेना. महायाजकासमोर एका शिपायाने प्रभूला चपराक मारली, तेव्हा त्याने विचारले, मी वाईट बोललो असेन तर तसे सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? त्याने उलटून मारले नाही, आणि मान खाली घालून गप्पही बसला नाही. सेवेच्या नावाखाली माणसे, विशेषतः बायका, वर्षानुवर्षे मार खात राहिलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांना 'लीन राहा' असे सांगणारेही पाहिले आहेत. त्यांत सुरुवातीच्या काळात मीही होतो. त्याचा हिशेब मला द्यायचा आहे.

आता गुरुवार.

योहानाच्या तेराव्या अध्यायात पाय धुण्याआधी एक वाक्य आहे, तिकडे लक्ष जात नाही. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून येशू भोजनावरून उठला. आपण कोण हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याला रुमाल कमरेला बांधायला अवघड वाटत नाही. त्याने यहूदाचेही पाय धुतले. विश्वासघात ठरलेला असताना.

अडला तो पेत्र. 'तुम्ही माझे पाय कधीही धुणार नाही.' किती नम्र वाटते हे वाक्य! आणि प्रभूचे उत्तर त्या संध्याकाळच्या सर्वात कडक वाक्यांपैकी एक आहे : मी तुला धुतले नाही तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पेत्राला गुरूने वरच राहावे असे वाटत होते, म्हणजे आपली खालची जागाही आपणच ठरवू. देणाऱ्याच्या जागी उभे राहणे सोपे असते, हात वर असतो. घेणाऱ्याला आपली टाच, भेगा, नखे दाखवावी लागतात. तुम्ही दर आठवड्याला ज्यांच्याकडे जाता, त्या प्रत्येकाने हे तुमच्यासमोर केलेले आहे. कुणी तुमच्यासमोर अंथरूण ओले झालेले दाखवले असेल, कुणी औषधाला पैसे नाहीत हे सांगितले असेल. त्यांना किती अवघड गेले असेल याचा अंदाज तुम्हाला धुणाऱ्यांच्या रांगेतून येणार नाही.

चौथ्या शतकात एकट्याने राहून तपश्चर्या करू इच्छिणाऱ्यांना कैसरियाच्या बासिलने विचारले होते : एकटाच राहिलास तर पाय कुणाचे धुशील? बरोबर आहे. मी त्यात एवढेच घालीन की तुझे कोण धुणार तेही विचार.

म्हणून पाळकांना आजच फोन करा आणि जागा अजून रिकामी असेल तर बसतो म्हणून सांगा. दुसऱ्या कुणाला दिली असेल तर 'हरकत नाही' म्हणा आणि मागच्या बाकावर बसा. जागा मिळालीच तर बूट-मोजे आधीच काढून ठेवा, ऐन वेळी गाठ सुटत नाही. घरून पाय घासून धुऊन येऊ नका, सगळे तसेच करतात. पाणी बहुधा गार असेल. आणि धुणारा माणूस कदाचित तोच असेल ज्याने गेल्या महिन्यात तुमचे कौतुक करायचे राहून गेले. त्याच्या डोक्याकडे वरून बघायला मिळेल, तेवढा वेळ काही बोलू नका.